साहेबांच्या देवघरातला पिस्टन

मागच्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी मी माझ्या साहेबांच्या देवघरातून एक पिस्टन परत मागून आणला.

हे वाक्य मी घरात कुणासमोर उच्चारत नाही. उच्चारलं की मेधा, म्हणजे माझी बायको, तोंडावर ओढणी धरते. आमची मुलगी सई (जन्म दिल्लीचा, मराठी पाहुण्यांपुरती) म्हणते, "पप्पा, फिर से सुनाओ ना!" आणि माझे सासरे काहीच म्हणत नाहीत. नुसते चहा पीत राहतात. त्यांचं ते शांतपणे चहा पिणं मला सगळ्यात जास्त लागतं!

तर आधी सासरे. लक्ष्मणराव बोरकुटे, निवृत्त रेंजर, चंद्रपूरकडचे. सगळी नोकरी सागवानाच्या जंगलात. सासूबाई गेल्यावर मेधानं त्यांना दिल्लीला आणलं, आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. ज्या माणसानं उभा जन्म झाडं मोजली, त्याच्यासमोर आता बाल्कनीतून काय, तर समोरच्या ब्लॉकमधल्या वाळत घातलेल्या चादरी! त्याही ते मोजायचे. "आज सतरा," असं सकाळी सांगायचे.

"मी काय बाप्पा, तुमच्या घरातलं एक सामान," ते म्हणायचे. "कुठं ठेवता ते सांगा, तिथं बसतो."

म्हणायचे हसत हसत, पण मेधा ताबडतोब स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. वर्षभर हे चालू होतं. बाबांना खाली चक्कर मारायला ने, मेट्रोत बसव, भाजी आणायला पाठव, सगळं करून झालं. माणूस काही रुजेना.

दिल्लीला येताना त्यांनी तीन गोष्टी आणल्या होत्या. एक ट्रंक, सासूबाईंचा फोटो आणि गोणपाटात गुंडाळलेली त्यांची चेनसॉ. पेट्रोलवर चालणारी, साखळीची करवत. दोरी ओढायची की इंजिन भडकतं आणि मग मांडीएवढा ओंडका दोन मिनिटांत आडवा. वनखात्याच्या लाकूड डेपोनं ती भंगारात काढली तेव्हा ह्यांनी रीतसर लिलावात घेतली. आमच्या घरी ती दिवाणाखाली असायची आणि झाडू मारताना दर वेळी बाईच्या पायाला लागायची.

आणि मग फेब्रुवारीत मंडळाच्या कानडेबाई आल्या. आमच्या कॉलनीच्या मराठी मंडळाच्या त्या सचिव. बाई एवढ्या उत्साही की त्यांच्यासमोर बसलं तरी माणसाला दम लागतो. मंडळाच्या हॉलमागे आदल्या उन्हाळ्यातल्या आंधीत एक कडुनिंब पडला होता. तो कापायची परवानगी मिळाली होती (परवानगीचा कागद बाईंनी लॅमिनेट करून घेतला होता!), पण कापणार कोण?

"आणि आज मला कळतंय की आपल्याकडे साक्षात रेंजर आहेत! आणि त्यांच्याकडे स्वतःची मशीन आहे! रेंजरसाहेब, ह्या वेळची होळी तुमच्या हातची. सगळ्या मंडळासमोर. बिल्कुल नाही म्हणायचं नाही."

रेंजरसाहेब! दिल्लीत आल्यापासून त्यांना ह्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. इथं ते 'सई के नानाजी' होते, नाहीतर 'अंकल, जरा साइड'. त्या संध्याकाळी बाबांनी ट्रंकेतून जंगलातले बूट काढले आणि पॉलिश करत बसले. चंद्रपूरला चार फोन केले. चौथ्या फोनपर्यंत ओंडका बराच जाड झाला होता.

अडचण एकच होती. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. होळीपर्यंत लांबचं लख्ख दिसेल, गॉगल लावून मशीनही चालवता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण जवळचा चष्मा मिळायला वेळ होता आणि तोवर बारीक काम जमणार नव्हतं.

"काही नाही जी, दोन ओढीत सुरू होते ती," बाबा म्हणाले. "नुसता प्लग काढून पुसायचा आहे. मला दिसलं असतं तर..."

"मी आहे ना!" मी म्हणालो.

(माझ्या आयुष्यातली सगळी संकटं ह्याच तीन शब्दांनी सुरू झालेली आहेत.)

"फक्त प्लग हं, जावईबापू."

"हो हो."

"बाकी कशाला हात लावू नका."

"छे छे! मी काय लहान आहे?"

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मी एका मंत्रालयात अधिकारी आहे. चोवीस वर्षं मी एकच काम करत आलोय: दुसऱ्यांनी केलेल्या फाईली वाचायच्या आणि त्यात काय जुळत नाही ते शोधून काढायचं. पान सातवरची तारीख पान एकोणीसवरच्या तारखेशी जुळत नाही, हे मला लांबून वास आल्यासारखं कळतं. लोक मला मनातल्या मनात काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पण विसंगती दिसली आणि मी ती सोडली, असं आजवर झालेलं नाही.

रविवारी सकाळी बाबा मंडळात होळीच्या तयारीला गेले तसं मी बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरलं, प्लग काढला, पुसला. काम संपलं. इथंच मी उठायला हवं होतं! पण चेनसॉच्या वरच्या झाकणावर ठळक अक्षरांत मॉडेल नंबर छापलेला होता. म्हटलं, बघू तरी. फोनवर शोधला, तर ह्या मॉडेलचा आख्खा तक्ता निघाला. सहा पानं! प्रत्येक सुट्या भागाचं चित्र आणि प्रत्येकाचा नंबर. आणि तक्त्यात प्लगचा जो नंबर होता, तो माझ्या हातातल्या प्लगवर नव्हता.

संपलंच मग.

प्लग चुकीचा, तर कार्बोरेटरचं काय? कार्बोरेटर काढला. त्याचाही नंबर जुळेना! त्याच्या खालचं गॅस्केट कंपनीचं नव्हतंच. चक्क सरकारी फाईलच्या पुठ्ठ्यातून कात्रीनं कापलेलं, त्यावर अर्धा शिक्कासुद्धा शाबूत. माझं रक्त उसळलं. सरकारी स्टेशनरी! एक स्प्रिंग तर मी शपथेवर सांगतो, बॉलपेनची होती. दुपारपर्यंत मी तळाशी पोचलो. एक नट डावीकडे फिरवून फिरवून निघेना, घामाघूम झालो, तेव्हा कळलं की तो उलट्या आट्यांचा आहे आणि मी तासभर तो घट्ट करत होतो. शेवटी सिलिंडर उचलला आणि आतून पिस्टन निघाला. त्याच्या डोक्यावर जो नंबर कोरलेला होता तो ह्या मॉडेलचा नव्हताच. त्याच्या मोठ्या भावाचा होता!

मी एक टिपण तयार केलं. अकरा आक्षेप, क्रमवार. प्रत्येकासमोर 'भाग विसंगत. बदलण्यास हरकत नसावी.'

सई दारात येऊन उभी राहिली. वर्तमानपत्रावर पसरलेले ते चाळीसेक तुकडे बघून म्हणाली, "पप्पा, ये वापस जुड़ेगा ना?"

"जुडेगा नाही, सुधरेगा!" मी म्हणालो.

मेधा आली. "अहो, पण चालत होती ना ती?"

"चालणं वेगळं आणि नियमात असणं वेगळं."

तिनं माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर वीसेक वर्षांनी बायका जसं बघतात तसं. मग हळूच म्हणाली, "हे बघा, बाबा वर्षभरात पहिल्यांदा नीट जेवताहेत. त्यांच्या होळीची वाट लावू नका, एवढंच सांगते."

"वाट? अगं, मी त्यांना नवीकोरी मशीन देतोय. सरप्राइज!"

पुढच्या शनिवारी झाकण आणि पिस्टन पिशवीत घालून मी फरीदाबादला गेलो. तिथल्या एका गल्लीत ओमप्रकाश मिस्त्री आहेत. पंप, जनरेटर, गवत कापायची मशीन, असल्या सगळ्या छोट्या इंजिनांचे देव. त्यांनी चष्मा वर करून पिस्टन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, नखानं टोकरला.

"साहब, यह तो बढ़िया है. अभी दस साल और चलेगा. इसको क्या हुआ?"

"यह ग़लत मॉडल का है," मी म्हणालो आणि झाकण पुढे केलं. "देखिए. कवर पर क्या लिखा है?"

"सिलिंडर लाए हो?"

"सिलिंडर घर पे है."

"तो नाप लेके आओ."

"नाप की क्या ज़रूरत? कवर पर साफ़ लिखा है ना!"

मिस्त्रींनी चष्मा खाली घेतला. "साहब, घर का नंबर पढ़ के जूता नहीं खरीदते. पैर नापते हैं."

मला हसू आलं. बिचारा! शिकलेला नाही, तक्ता बघितलेला नाही. मी त्यांना सहा पानांचा तक्ता फोनवर दाखवला, अकरा आक्षेप वाचून दाखवले. चौथ्या आक्षेपाला त्यांनी हात जोडले आणि मागितलेला पिस्टन, रिंगा, प्लग, कार्बोरेटर, सगळं काढून दिलं. "किसने बनाया था इसको?" त्यांनी निघताना विचारलं.

"पता नहीं," मी म्हणालो. "कोई अनाड़ी होगा."

परत येताना मेट्रोमध्ये मी स्वतःवरच इतका खूश होतो की एक स्टेशन पुढे गेलो.

जुने भाग मी एका पाकिटात घालून ठेवले. फक्त पिस्टनचा मोह सुटेना. घासूनपुसून चकाचक केला आणि सोमवारी ऑफिसला नेला. उलटा ठेवला की आत पाच-सहा पेनं छान उभी राहायची. टेबलाला एक वजन आलं. बुधवारी आमचे साहेब, खन्नासाहेब, काही कामानं माझ्या खोलीत आले आणि थांबले.

"अरे टिळेकर जी! यह क्या है? मॉडर्न आर्ट?"

"सर, पिस्टन."

"वाह! क्या चीज़ है!" त्यांनी माझी पेनं काढून टेबलावर ठेवली आणि पिस्टन तळहातावर तोलला. "माताजी को दिखाता हूँ. उनको पुरानी चीज़ों का बड़ा शौक है."

आणि मी, चोवीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, त्या क्षणी जे म्हणायचं तेच म्हणालो. "सर, आपका ही है."

तिकडे घरी, रोज रात्री बाबा झोपल्यावर, जोडणी जोरात. नवा पिस्टन सिलिंडरमध्ये असा गेला म्हणून सांगू, लोण्यात सुरी जावी तसा! ना ढकलणं, ना ठोकणं. मी मेधाला मुद्दाम बोलावून दाखवलं. दोरी तर इतकी हलकी झाली की मी दोन बोटांनी ओढत होतो. "पूर्वी किती जोर लावावा लागायचा बाबांना!" मी म्हणालो. "ह्याला म्हणतात योग्य जागी योग्य भाग."

होळी रविवारी होती. शनिवारी सकाळी मी बाबांना बाल्कनीत खुर्चीवर बसवलं. काळा गॉगल, पॉलिश केलेले बूट, अंगात खाकी शर्ट. रंगीत तालीमच होती. समोर चेनसॉ ठेवली. मेधा, सई दारात.

बाबांनी हँडलवरून हात फिरवला. बूट मशीनवर रोवला, दोरी धरली आणि ओढली. दोरी सुर्रकन बाहेर आली. मशीन गप्प. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा सुर्र. तिसऱ्यांदा त्यांनी दोरी नुसतीच हळू ओढून बघितली, जशी डॉक्टर नाडी बघतो. मग सोडून दिली.

"जावईबापू, हिच्यात जीव नाही."

"हलकी केलीय, बाबा! आता तुम्हाला जोर नको लावायला."

"हलकी काहून केली? मशीननं हाताला मागं ओढलं पाहिजे. आत दाबच धरत नाही जी ही." ते थांबले. "तुम्ही पिस्टन बदलला काय?"

मग मी ते टिपण आणलं. म्हटलं, माणसाला मुद्देसूद सांगितलं की पटतं. उभं राहून अकराच्या अकरा आक्षेप वाचून दाखवले. बाबांनी मान खाली घालून सगळे ऐकले. सरकारी फाईलच्या पुठ्ठ्यावर मी थोडा जास्त जोर दिला असेन.

"हे सगळं तुम्ही कशावरून काढलं?" त्यांनी विचारलं.

"झाकणावरच्या नंबरावरून. स्पष्ट छापलेलं आहे."

बाबांनी गॉगल काढला.

"ते झाकण आमच्या मशीनचं नाही," ते म्हणाले. "डेपोत एक ओंडका घरंगळला होता. झाकणाचा पार चुरा झाला. शेजारच्या रेंजमध्ये एक मशीन मेली होती, लहान नंबरची. तिचं झाकण बसलं, म्हणून लावलं. ते एक झाकण तेवढं परकं. आतलं सगळं जिथल्या तिथं होतं."

मी टिपणाची घडी घातली आणि खिशात टाकली. चोवीस वर्षं! चोवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या फाईलीत खोट काढली आणि स्वतः काय केलं? कव्हर वाचलं आणि आतलं सगळं चूक ठरवलं! एका बरोबर इंजिनातले भाग मी एकेक करून, पुराव्यासहित, चुकीचे केले होते.

"आणि ते पुठ्ठ्याचं," बाबा हळू आवाजात म्हणाले, "ते मी कापलं होतं. पावसाच्या आधी लाकूड निघायला पाहिजे होतं आणि वरून सामान येत नव्हतं. सोळा वर्षं टिकलं." ते वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. "कानडेबाईंना फोन करून सांगा, रेंजरला नाही जमत म्हणावं. वय झालं."

माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी त्या आनंदानं खाल्ल्या असत्या. पण त्यांनी सगळं स्वतःवर घेतलं आणि बूट काढून शेजारी नीट जोडीनं ठेवले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जुना पिस्टन कुठे आहे?" मेधानं विचारलं. तिचा हा आवाज मी ओळखतो.

"आहे ना. ऑफिसात."

"जा आणि आणा."

"ऑफिसात म्हणजे... आता साहेबांकडे आहे."

"साहेबांकडे कशाला?"

मी सांगितलं. सई दाराला टेकून खाली बसली आणि हसून हसून तिला उचकी लागली. मेधा हसली नाही. बाबांनी मात्र मान वर केली. "मिळण्यासारखा आहे?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा एक हात नकळत बुटांकडे गेला. तेवढं बघितलं आणि मी पायात चपला घातल्या.

नवा पिस्टन पुन्हा बाहेर काढायला तास गेला (उलट्या आट्यांचा नट मी ह्या वेळी फक्त पंधरा मिनिटं घट्ट केला). तो खिशात घालून स्कूटरवरून साहेबांच्या बंगल्यावर पोचलो. वाटेत तीन वेगवेगळी भाषणं तयार केली होती. साहेबांनी दार उघडलं आणि तिन्ही विसरलो.

"अरे टिळेकर जी! आज? कोई फ़ाइल?"

"सर, वह... पिस्टन."

"हाँ हाँ, माताजी को बहुत पसंद आया. आइए, दिखाता हूँ!"

पिस्टन देवघरात होता. देवांच्या पुढ्यात, उजव्या हाताला. वर तीन उदबत्त्या जळत होत्या. त्याला हळदकुंकू लावलेलं होतं, कमरेला, म्हणजे रिंगच्या खाचेत, लाल दोरा बांधलेला होता. समोर साहेबांच्या आई डोळे मिटून बसल्या होत्या. आता सांगा, कुठल्या नियमाखाली मागायचा?

"सर," मी म्हणालो. "वह वापस चाहिए."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "वापस?"

"सर, वह मेरे ससुरजी की मशीन का है. मैंने उनसे पूछे बिना निकाल दिया. कल पूरे मंडल के सामने उनको मशीन चलानी है और वह अब जूते उतार के बैठे हैं." मग घाईघाईनं खिशातला नवा पिस्टन काढला. "बदले में यह है, सर. एकदम नया!"

साहेब काही बोलायच्या आत माताजींनी डोळे उघडले. माझ्या हातातला पिस्टन बघितला, समोरचा बघितला.

"यह तो छोटा है, बेटा," त्या म्हणाल्या.

ऐंशीच्या पुढच्या त्या बाई. चारेक हात लांब बसलेल्या. ना तक्ता, ना नंबर! जे मला दोन आठवड्यांत दिसलं नाही, ते त्यांनी उदबत्तीच्या धुरातून पाहिलं. साहेबांनी दोन्ही पिस्टन शेजारी शेजारी धरले आणि माझ्याकडे असं बघितलं की माझी पुढची बढती मला डोळ्यांसमोर विरघळताना दिसली.

"ससुर नाराज़ हैं?" माताजींनी विचारलं.

"नाराज़ होते तो अच्छा था, माताजी. वह चुप हैं."

"तो ले जा, ले जा! बुज़ुर्ग का मन दुखा के मैं अगरबत्ती लगाऊँगी?" त्यांनी स्वतः उठून उदबत्त्या काढल्या, पिस्टन डोक्याला लावला आणि माझ्या ओंजळीत ठेवला. वर गुजियांचा एक डबा दिला. नवा पिस्टन त्यांनी ठेवून घेतला नाही. एक उदबत्ती लावून बघितली आणि म्हणाल्या, ह्यात हलते.

घरी आल्यावर बाबांनी पिस्टन हातात घेतला, अंगठा फिरवला आणि हुंगला. "काय बाप्पा! एवढी वर्षं ह्याला ऑइलचा वास होता. चार दिवसांत चंदनाचा झाला." आणि हसले. खरंच हसले! मेधा परत भांडी आपटायला आत गेली, पण ह्या वेळचा आवाज वेगळा होता.

रविवारी सकाळी ते वर्तमानपत्रावर मांडी घालून बसले आणि मी त्यांच्यासमोर. जवळचं दिसत नव्हतं, पण त्यांना दिसायची गरजच नव्हती. मी पाकिटातला आणि मशीनमधला एकेक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवायचा आणि त्यांनी बोटांनी चाचपायचा.

"हा माझा." बाजूला.

"हाही माझा."

"हा तुमचा." हा लांब, बाल्कनीच्या कोपऱ्यात!

पुठ्ठ्याचं गॅस्केट त्यांनी गालाला लावून तपासलं. बॉलपेनची स्प्रिंग मी नुसती पुढे केली तर म्हणाले, "तिला वळण आहे, आखूड बाजू वर द्या." अकरा आक्षेप होते ना, ते अकराही मी माझ्या हातानं मागे घेतले. सिलिंडर बसवताना पिस्टन आत जाईना, रिंगा बोटांनी दाबून धराव्या लागल्या, दोनदा बोट चिमटलं. "आता कसा अडतो!" बाबा खुशीत म्हणाले. शेवटी मी दोरी ओढून बघितली, तर मशीननं मला असं मागे खेचलं की मी कठड्यावर आदळलो. आयुष्यात आपटून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

सूर्य मावळायच्या सुमारास हॉलमागे मंडळ जमलं. पुरणपोळ्यांचे डबे, ढोलकी, सत्तर-ऐंशी माणसं. मधे तो कडुनिंब. बाबा बूट, गॉगल, हेल्मेट घालून आले आणि त्यांनी सगळ्यांना दहा पावलं मागे सरकायला सांगितलं. तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. कानडेबाईसुद्धा मागे सरकल्या!

पहिली ओढ. काही नाही.

दुसरी ओढ. काही नाही. मेधानं माझा दंड धरला. तिची नखं आत गेली ते मला नंतर कळलं.

तिसऱ्या ओढीला मशीन अशी गरजली की झाडावरची कबुतरं उडाली आणि पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या मागे लपली. निळा धूर निघाला. मला तरी त्याला चंदनाचा वास आला. बाबांनी मशीन ओंडक्यावर टेकवली आणि लोण्याची उपमा मी आधी उगाच खर्च केली असं मला वाटलं. तुकड्यामागून तुकडा सारख्या लांबीचा, भुशाचं कारंजं आणि मधे तो माणूस, ताठ उभा. वर्षभर त्याला आम्ही कुठं ठेवावं ते शोधत होतो!

होळी पेटली, आणि कानडेबाईंनी त्यांच्या हातात माइक दिला. बाबा भाषण करणाऱ्यातले नव्हेत. दोनच वाक्यं बोलले. "ही मशीन जुनी आहे जी. माझ्या जावयानं ती पूर्ण खोलून, एकेक भाग तपासून पुन्हा जोडली, म्हणून आज चालली."

टाळ्या! त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. डोळ्यांतून पाणी आलं ते धुरामुळे, असं मी सईला सांगितलं.

त्याचा परिणाम आठवडाभरात दिसू लागला. पहिल्यांदा एक मिक्सर आला, मग दोन कूलर, एक शिलाई मशीन. "टिळेकर, तुम्ही चेनसॉ उघडता, हे तर काहीच नाही!" मी मोठ्या आत्मविश्वासानं पहिल्या मिक्सरचे स्क्रू काढायला घेतले, तोच आतल्या खोलीतून आवाज आला, "जावईबापू, हात लावू नका!" तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर बाबांचं वर्कशॉप आहे. नवा चष्मा नाकावर, सकाळी दहाला हजर. चादरी मोजायला त्यांना वेळ नसतो. मी सुटीच्या दिवशी पाने देतो, टॉर्च धरतो आणि सांगितलं तरच बोलतो.

परवा एक बाई इस्त्री घेऊन आल्या. मी दार उघडलं.

"रेंजरसाहेब आहेत का?"

"आहेत. बसा."

त्यांनी माझ्या काळ्या हातांकडे आणि खांद्यावरच्या फडक्याकडे बघितलं. "तुम्ही त्यांचे असिस्टंट का?"

मी आत वळून बघितलं. बाबा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याआधी उत्तर दिलं, "हो जी. पण अजून प्रोबेशनवर आहेत."